हेरोद गादीवर असताना

नाताळ जवळ आला की गोव्यापासून वसईपर्यंत घराघरांवर कागदी तारे चढतात, नेवऱ्या-करंज्यांचे घाणे निघतात, अंगणात गोठा उभा राहतो. चर्चच्या आत मात्र या सणाची सुरुवात वेगळ्याच सुरात होते. नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, म्हणजे आगमनकाळाच्या, पहिल्या रविवारी कॅथलिक उपासनेत जे शुभवर्तमान वाचलं जातं त्यात बाळ नसतं, मरिया नसते, मेंढपाळ नसतात. वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं. एका वर्षी मत्तय, एका वर्षी मार्क, एका वर्षी लूक. तिन्ही वर्षी त्या रविवारी बोलतो तो प्रौढ येशू, वधस्तंभाला अवघे काही दिवस उरलेले असताना. आणि तो बोलतो जगाच्या शेवटाविषयी. नोहाच्या काळी पूर आला तेव्हा लोक कसे बेसावध होते, घरधनी कोणत्या घटकेला परतेल हे नोकरांना कसं ठाऊक नसतं, सूर्यचंद्रांत चिन्हं कशी दिसतील, समुद्राच्या गर्जनेने राष्ट्रं कशी घाबरीघुबरी होतील. १६ डिसेंबरपर्यंत उपासनेचं तोंड प्रामुख्याने असं पुढे, येणाऱ्या दिवसाकडे असतं. १७ डिसेंबरपासून ते बेथलेहेमकडे वळतं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. जो सण आपण एका जुन्या जन्माची आठवण म्हणून साजरा करतो, त्याच्यापर्यंत चर्च आपल्याला भविष्याच्या वाटेने नेतं, आणि तीही भविष्याच्या सर्वांत भयाण बाजूने.

आज ही वाट चालणं कठीण झालं आहे, हे मान्य करून पुढे गेलं पाहिजे. हवामान बिघडत चाललं आहे, युक्रेन आणि गाझामध्ये माणसांनी माणसांचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि मूल जन्माला घालावं की नाही असा प्रश्न तरुण जोडपी गंभीरपणे विचारू लागली आहेत. अशा वेळी ‘आशा ठेवा’ असं म्हणणारा माणूस एक तर अडाणी वाटतो किंवा काहीतरी विकायला आलेला. म्हणून आशा म्हणजे नेमकं काय, हे आधी ठरवायला हवं. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने तिच्यासाठी चार अटी घातल्या. जिची आशा धरायची ती गोष्ट चांगली असावी, अजून हाती न आलेली असावी, मिळायला अवघड असावी आणि तरीही अशक्य नसावी. सहज मिळणाऱ्या गोष्टीची कुणी आशा धरत नाही, नुसती वाट पाहतो. त्याने आशेविरुद्धची पापंही दोन सांगितली आहेत. एक निराशा, दुसरं म्हणजे सगळं आपोआप नीट होईल अशी फाजील खात्री. या दुसऱ्या पापाकडे आपलं लक्ष कमी जातं. आजच्या बाजारात आशा म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा हेच असतं: आकड्यांची रेघ वर चाललेली दाखवायची आणि काळजी करू नका म्हणून सांगायचं. रेघ खाली वळली की अशी आशा संपते. नाताळची आशा अशा रेघेवर उभीच नाही. ती एका घडून गेलेल्या गोष्टीवर उभी आहे, आणि म्हणूनच तिला वर्तमानाबद्दल खोटं बोलावं लागत नाही, असं माझं प्रतिपादन आहे.

बायबलमधलाच पुरावा आधी पाहू. नाताळच्या रात्री चर्चमध्ये यशया संदेष्ट्याचा जो उतारा वाचतात तो विजयाच्या दिवसांत लिहिलेला नाही. इसवी सनपूर्व ७३५ च्या सुमाराला दिमिष्कचा राजा आणि उत्तरेकडचं इस्राएल यांनी मिळून यहूदावर चाल केली. यरुशलेमेत आहाज राजा हादरून गेला. यशयाने त्याला धीर धरायला सांगितलं आणि खूण म्हणून एका मुलाच्या जन्माचा हवाला दिला. आहाजला हे पटलं नाही. त्याने व्यवहारी माणसासारखा हिशेब केला, मंदिरातलं आणि राजवाड्यातलं सोनं-रुपं काढून अश्शूरचा सम्राट तिग्लथ-पिलेसर याला पाठवलं आणि मदत मागितली. मदत आली. इसवी सनपूर्व ७३२ मध्ये दिमिष्क पडलं, गालीलचा मुलूख अश्शूरने गिळला, तिथली माणसं धरून नेली आणि आहाज स्वतः अश्शूरचा मांडलिक होऊन बसला. यशया प्रकाशाची घोषणा करतो ती याच उद्ध्वस्त गालीलसाठी, जबुलून आणि नफतालीच्या प्रदेशासाठी. तिथे सैनिकांचे बूट आणि रक्तात भिजलेले कपडे जाळायला काढले आहेत, आणि त्या जाळाशेजारी तो एका मुलाबद्दल बोलतो. हे मूल मुळात कोण, यावर अभ्यासकांचे मतभेद आहेत. कदाचित आहाजचा मुलगा हिज्कीया असेल. ज्यू वाचक या उताऱ्यात येशूला पाहत नाहीत, आणि तसं पाहण्याची सक्ती त्यांच्यावर कुणी करू नये. ख्रिस्ती वाचन मागाहून आलं हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: सगळे हिशेब उलटे पडलेले असताना बोलायला लागलेली ही आशा आहे. ती परिस्थितीतून उगवली असती तर त्या दिवसांत उगवलीच नसती.

लूकने येशूच्या जन्माची गोष्ट सुरू केली ती कैसर औगुस्ताच्या नावाने. त्या नावाभोवती त्या काळी आशेचं केवढं वलय होतं, हे आज सहज ध्यानात येत नाही. आजच्या तुर्कस्तानात प्रिएने नावाच्या प्राचीन शहरात एक शिलालेख सापडला आहे, इसवी सनपूर्व ९ च्या सुमाराचा. आशिया प्रांतातल्या नगरांनी ठराव केला की औगुस्ताचा जन्मदिवस, २३ सप्टेंबर, हाच यापुढे वर्षाचा पहिला दिवस धरायचा, कारण जगासाठी आनंदाच्या वार्तेची सुरुवात त्या जन्मापासून झाली. हा नुसता खुशामतीचा मजकूर नव्हता. यादवी युद्धांनी पोळलेल्या लोकांना औगुस्ताने खरोखरच शांतता दिली होती, रस्ते सुरक्षित केले होते. पण ती शांतता बलवानाचं बळ टिकेल तोवरच टिकणारी होती, आणि तिची किंमत कर भरणाऱ्या, नावनोंदणीसाठी गावोगाव हिंडणाऱ्या गरिबांकडून वसूल होत होती. लूक त्याच साम्राज्याच्या नोंदवहीखाली एका गरोदर बाईला चालायला लावतो आणि जगाच्या आनंदाची वार्ता सम्राटाच्या वाड्यातून उचलून गव्हाणीत ठेवतो. (लूक ज्या खानेसुमारीचा उल्लेख करतो ती रोमन सुभेदार क्विरिनियसची खानेसुमारी इसवी सन ६ ची आणि ज्याच्या काळात जन्म झाला त्या हेरोद राजाचा मृत्यू त्याआधी जवळजवळ दहा वर्षांचा, लूकच्या कालगणनेची ही अडचण खरी आहे आणि ती लपवायचं कारण नाही.) लूकला सांगायचं आहे ते स्पष्ट आहे. भविष्य कुठून येतं या प्रश्नाला त्या जगाने एक उत्तर दिलं होतं, आणि लूकने त्याच्या समोर दुसरं आणून ठेवलं.

मत्तयचं शुभवर्तमान तर याहून कठोर आहे. गोठ्यातल्या मूर्तींमध्ये आपण ज्ञानी लोक मांडतो, उंट मांडतो, पण त्यांच्या मागोमाग येणारे हेरोदाचे शिपाई कुणी मांडत नाही. बेथलेहेमातल्या दोन वर्षांखालच्या मुलांची कत्तल मत्तयखेरीज दुसऱ्या कुणी नोंदवलेली नाही, म्हणून काही इतिहासकार ती घडली असं मानत नाहीत. पण गादीच्या धास्तीने पोटची मुलं मारणारा हा राजा होता, हे ज्यू इतिहासकार जोसेफसने तपशीलवार लिहून ठेवलं आहे. अलेक्झांडर, अरिस्टोबुलस आणि स्वतःच्या मृत्यूच्या काही दिवस आधी अँटिपेटर, असे तीन मुलगे त्याने संपवले. चर्चने ही कत्तल झाकली नाही. २६ डिसेंबरला दगडमार होऊन मेलेल्या स्तेफनाचा सण ठेवला आणि २८ डिसेंबरला त्या निष्पाप बालकांचा, नाताळच्या तीनच दिवसांनी. ज्या कॅलेंडरमध्ये पाळणा आणि कबर एकाच आठवड्यात येतात त्याला भाबडं कोण म्हणेल? आणि मत्तय इथे जे सांगत नाही तेही पाहण्यासारखं आहे. देवदूत येतो, पण तो हेरोदाला गादीवरून खाली ओढत नाही. तो योसेफाला उठवतो आणि रातोरात बायको-मूल घेऊन मिसर देशात पळ म्हणतो. हेरोद मेल्यावर कुटुंब परततं, तर यहूदियात त्याचा मुलगा अर्खेलाव राज्य करतो आहे म्हणून पुन्हा वाट बदलून गालीलात जावं लागतं. तारणारा आला, आणि सत्तेची घडी जागची हलली नाही.

मग यात आशा ती कोणती? पौलाने करिंथकरांना आणि इफिसकरांना लिहिताना पवित्र आत्म्यासाठी व्यवहारातली जी गोष्ट वापरली ती मराठी माणसाला समजावून सांगावी लागत नाही. ती इसाराची आहे. जमिनीचा सौदा ठरतो, इसार दिला जातो, पावती होते. खरेदीखत व्हायचं असतं, ताबा मिळायचा असतो, शेतात अजून दुसऱ्याचंच पीक उभं असतं. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेलं दिसत नाही. पण सौदा आता मोकळा राहिलेला नसतो, आणि मुख्य म्हणजे इसार देणारा त्यात बांधला गेलेला असतो. पौलाची ही उपमा मी बेथलेहेमपर्यंत मागे नेतो आहे, आणि ते त्याच्या विचाराला सोडून नाही असं मला वाटतं. देहधारणेत देवाने जगाच्या भवितव्यात स्वतःला गुंतवलं. दुरून आश्वासन पाठवलं असतं तर ते मागे घेता आलं असतं. भूक लागणारं, थंडी वाजणारं, मारता येणारं शरीर त्याने घेतलं, आणि मग या जगाचं जे होईल ते त्याचंही होणार हे ठरून गेलं. ख्रिस्ती माणूस भविष्याकडे पाहतो तेव्हा त्याला पुढचं काहीही इतरांपेक्षा जास्त दिसत नाही. युद्ध कधी थांबेल, समुद्र किती चढेल, हे त्याला ठाऊक नसतं. दिलेला इसार तेवढा त्याला ठाऊक असतो.

यावर सर्वांत जड आक्षेप एका ज्यू तत्त्वज्ञाने घेतला आहे. १४ जानेवारी १९३३ रोजी श्टुटगार्टमध्ये मार्टिन बूबर यांचा प्रोटेस्टंट धर्मपंडित कार्ल लुडविग श्मिट यांच्याशी जाहीर संवाद झाला. बूबर यांचं म्हणणं साधं आणि भेदक होतं: जगाचा उद्धार झालेला नाही हे आम्हा ज्यूंना आमच्या अंगावर कळतं, इतिहासाच्या मध्यावर तो होऊन गेला असं आम्ही म्हणू शकत नाही. सोळा दिवसांनी हिटलर जर्मनीचा चॅन्सलर झाला. त्यानंतर जे घडलं त्याने बूबर यांचा आक्षेप खरा ठरवला, आणि तो खरा ठरवण्यात बाप्तिस्मा घेतलेल्या लाखो हातांचा वाटा होता. या पापाची लाज वाटल्याशिवाय कोणत्याही ख्रिस्ती माणसाने आशेबद्दल तोंड उघडू नये. पण आक्षेपाचं उत्तर त्या लाजेतूनच निघतं. उद्धार पुरा झाला, आता काही उरलं नाही, असं जो ख्रिस्ती म्हणतो तो आगमनकाळ विसरला आहे. खरेदीखत झालेलं नाही हे आम्हीही दरवर्षी चार आठवडे उभं राहून कबूल करतो. त्या बाबतीत आम्ही ज्यू बांधवांच्या शेजारीच वाट पाहत उभे आहोत. मतभेद इसार मिळाला की नाही एवढ्यापुरता आहे. जर्मन धर्मपंडित युर्गन मोल्टमन यांनी बूबर यांचा हा मुद्दा मनावर घेतला. १९४३ मध्ये हॅम्बुर्गवर बॉम्ब पडले तेव्हा त्यांच्या शेजारी उभा असलेला मित्र मारला गेला आणि ते वाचले. पुढे युद्धकैदी असताना त्यांच्या हातात बायबल आलं. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘आशेचं धर्मशास्त्र’ या ग्रंथात त्यांनी मांडलं की दिलेलं वचन आणि समोरचं जग यांतलं अंतर ज्याला दिसतं, त्याला आहे त्या परिस्थितीशी तडजोड करता येत नाही. आशा माणसाला अस्वस्थ करते. मला हे तंतोतंत पटतं: जग असंच असायचं, असं ज्याने मनाशी ठरवून टाकलं त्याला हेरोदाचा रागही येत नाही.

दुसरा आक्षेप मार्क्सचा, आणि तो सगळ्यांना पाठ आहे: स्वर्गाची आशा ही दुखणाऱ्याला दिलेली गुंगी. हा आक्षेप खोटा आहे असं मी म्हणणार नाही, कारण त्याचे पुरावे चर्चनेच पुरवले आहेत. अमेरिकेतल्या मळ्यांवर गुलामांना हेच सांगितलं गेलं की इथे मालकाचं ऐका, सुख पुढे आहे. आपल्याकडेही धर्मांतरानंतर दलितांच्या वाट्याला अनेक ठिकाणी चर्चमध्ये वेगळी बसायची जागा आणि वेगळी दफनभूमी आली, आणि समतेसाठी त्यांना परलोकाची वाट पाहायला लावली गेली. पण ही आशा नाताळच्या विरुद्ध दिशेने जाते. नाताळात माणूस वर जात नाही. देव खाली येतो. बायबलच्या अगदी शेवटच्या पानांवर, प्रकटीकरणाच्या एकविसाव्या अध्यायात, तीच दिशा पुन्हा दिसते. तिथे पुण्यवान आत्मे पृथ्वी सोडून उडून जात नाहीत. नवं यरुशलेम स्वर्गातून खाली उतरतं आणि देव माणसांमध्ये राहायला येतो. सुरुवात गव्हाणीत आणि शेवट नगरात, दोन्ही याच मातीवर. पौल रोमकरांना लिहितो तेव्हा सगळी सृष्टीच प्रसूतिवेदनांत कण्हत असल्याचं सांगतो, आणि तिच्या सुटकेला माणसाच्या सुटकेशी जोडतो. पृथ्वीला टाकून देणारी आशा या धर्मग्रंथात बसत नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘सुवार्ता’ मासिक चालवतानाच हरित वसईच्या चळवळीत वाड्या, शेती आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरले आणि त्यांनीच पुढे ‘सुबोध बायबल’ सिद्ध केलं. या दोन कामांत मला काहीच अंतर दिसत नाही.

आणि मार्टिन ल्यूथर किंग. त्यांचं १९६३ चं वॉशिंग्टनमधलं भाषण जगाला माहीत आहे. पण आशेचा अभ्यास करायचा तर १९६७ च्या नाताळच्या आदल्या दिवसाचं प्रवचन वाचावं. अटलांटातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चमध्ये दिलेलं हे प्रवचन कॅनडाच्या रेडिओवरून मॅसी व्याख्यानमालेतलं शेवटचं व्याख्यान म्हणून प्रसारित झालं. त्यात किंग उघडपणे सांगतात की वॉशिंग्टनला ज्या स्वप्नाबद्दल बोललो ते भंगताना मी डोळ्यांनी पाहिलं. भाषणानंतर काही आठवड्यांतच बर्मिंगहॅमच्या चर्चमध्ये बॉम्ब फुटून चार मुली मेल्या. शहरांतल्या वस्त्यांमध्ये दारिद्र्य तसंच राहिलं, दंगली झाल्या, व्हिएतनामचं युद्ध वाढत गेलं. हे सगळं एकामागून एक मोजून झाल्यावर ते म्हणतात की तरीही माझं स्वप्न मी सोडलेलं नाही. पहिल्या भाषणातली आशा लाखोंच्या गर्दीसमोरची होती, चळवळ चढती होती, दिवस उजेडाचे होते. दुसऱ्यातल्या आशेला पाठबळ द्यायला त्या वर्षीच्या बातम्यांत काहीही नव्हतं. तीच माझ्या मते ख्रिस्ती आशा. आणि तिने किंग यांना गुंगी आणली नाही. ते गरिबांच्या मोर्चाची तयारी करत राहिले, मेम्फिसमध्ये संपावर गेलेल्या सफाई कामगारांसोबत उभे राहिले, आणि तिथेच ४ एप्रिल १९६८ रोजी त्यांना गोळी घातली गेली.

मराठी वाचकाच्या मनात मात्र मार्क्सपेक्षा जुना आणि खोल आक्षेप असतो. आपल्या परंपरेत आशा ही सद्गुणांच्या यादीत नाहीच. भर्तृहरीने वैराग्यशतकात तिला माणसाला बुडवणारी नदी म्हटलं, संतांनी तिला बेडी मानलं, आणि गीता तिसऱ्या व चौथ्या अध्यायात आशारहित होऊन कर्म करायला सांगते. उद्याकडे डोळे लावून बसलेला माणूस आज बांधला जातो, असं हे म्हणणं आहे. मी ते पूर्ण आदराने ऐकतो, कारण ख्रिस्ती साधकांनीही तेच शिकवलं आहे. सोळाव्या शतकातला स्पॅनिश संत जॉन ऑफ द क्रॉस सांगतो की हाती असलेल्या गोष्टींनी मन भरलं की आशेला जागा उरत नाही; आशा धरायची तर मूठ सैल करावी लागते. फळावरचा हक्क सोडणं इथवर दोन्ही वाटा बरोबर चालतात, आणि गीतेतला लोकसंग्रहाचा उपदेश पाहिला तर जगाच्या कल्याणाची काळजीही दोन्हीकडे आहे. वाटा फुटतात त्या मेलेल्यांच्या प्रश्नावर. बेथलेहेमच्या त्या मुलांचं काय? उद्याचं जग कितीही न्यायी झालं तरी त्यांच्या आयांना त्यातून काय मिळणार? ज्ञानी मनुष्य शोकाच्या पलीकडे जातो, हे उत्तर मोठं आहे; पण मत्तयने आपल्या मुलांसाठी रडणारी राहेल आठवली आणि तिची समजूत निघत नाही असंच लिहून ठेवलं. तिला शोकाच्या पलीकडे जायला तो सांगत नाही. ख्रिस्ती आशा तिच्याबरोबर हटून बसते आणि म्हणते की एकेका बाळाचा, नावानिशी, न्याय झाला पाहिजे. हे माणसाच्या आवाक्यात नाही. म्हणून नाताळची आशा एकटी उभी राहू शकत नाही, तिला पुनरुत्थानाची गरज लागते. गव्हाणीत दिलेल्या इसाराची पुरी रक्कम ईस्टरच्या सकाळी दिसते. पुनरुत्थानावर ज्याचा विश्वास नाही त्याला हे पटणार नाही, आणि तर्काने मी त्याला ते पटवू शकेन असा माझा दावाही नाही. एवढंच म्हणतो की मेलेल्यांना वगळून केलेली कोणतीही भविष्याची योजना मला अपुरी वाटते.

तरीही एक प्रश्न उरतो, आणि तो तुरुंगातून येतो. पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ च्या रात्री आशेला वाहिलेल्या ज्युबिली वर्षासाठी सेंट पीटर्सचं पवित्र द्वार उघडलं आणि दोनच दिवसांनी रोमच्या रेबिब्बिया तुरुंगात जाऊन तिथेही एक पवित्र द्वार उघडलं. आत राहणाऱ्याला या उघडलेल्या दारातून बाहेर पडता येत नाही. मग ते उघडून काय दिलं? इथे नाझींच्या तुरुंगात गेलेले दोन जर्मन धर्मगुरू आठवतात. दीट्रिख बोनहोफर यांनी १९४२ च्या नाताळला आपल्या सोबत्यांसाठी एक दीर्घ निबंध लिहिला. हिटलरच्या राज्याची दहा वर्षं पुरी होत होती. त्यात ते बजावतात की उद्याचा काळ विरोधकांच्या हवाली करून बाजूला होणं हा बेजबाबदारपणा आहे. आपण स्वतः यातून कसे सुटू यापेक्षा पुढची पिढी कशी जगेल हा प्रश्न विचारायला हवा. तीन-चार महिन्यांत त्यांना अटक झाली आणि ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी. बोनहोफर यांना बर्लिनच्या ज्या टेगेल तुरुंगात ठेवलं होतं तिथेच १९४४ मध्ये आल्फ्रेड डेल्प हे येशूसंघीय धर्मगुरू होते. हातात बेड्या असताना त्यांनी आगमनकाळावर चिंतनं लिहिली, जी चोरून बाहेर गेली, आणि ८ डिसेंबर १९४४ रोजी कोठडीतच आपली अंतिम व्रतं घेतली. सुटकेची इच्छा त्यांनी लपवली नाही. ती पुरी झाली नाही. २ फेब्रुवारी १९४५ रोजी त्यांना फाशी दिली गेली, आणि त्यांना शिक्षा सुनावणारा न्यायाधीश फ्राइस्लर दुसऱ्याच दिवशी बॉम्बहल्ल्यात मेला. एका दिवसाचं हे अंतर मनाला चटका लावतं, पण त्यातून कोणताही दैवी हिशेब काढू नये. डेल्प यांची आशा त्या एका दिवसावर टेकलेली नव्हती.

२ फेब्रुवारी हा नाताळपासूनचा चाळिसावा दिवस. मरिया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमेच्या मंदिरात गेले, त्याचा सण. लूकने तिथे दोन म्हातारी माणसं उभी केली आहेत, शिमोन आणि हन्ना. शिमोन आयुष्यभर इस्राएलच्या सांत्वनाची वाट पाहत होता. हन्ना चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा होती, जी मंदिर सोडत नसे. त्यांना दिसलं ते चाळीस दिवसांचं एक मूल. त्याची शिकवण त्यांनी ऐकली नाही, आजारी बरे झालेले पाहिले नाहीत, रिकामी कबर पाहिली नाही. हेरोद गादीवर होताच. तरीही शिमोन म्हणाला की आता मी शांतीने जायला मोकळा आहे, आणि हन्ना भेटेल त्याला सांगत सुटली. ज्यांच्या वाट्याला भविष्य येणारच नव्हतं अशा माणसांच्या तोंडी लूकने नाताळची आशा घातली. स्वतःच्या लाभाशी तिचा संबंध तुटला तरी ती कमी झाली नाही, उलट इथेच ती सर्वांत निखळ दिसते.

महाराष्ट्रात अशी एक हन्ना होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी कोवळ्या वयात दुष्काळात आई-वडील गमावले होते, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत वैधव्य पाहिलं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या शेकडो मुली व बायकांना केडगावला घेऊन आल्या. जग असंच असायचं हे त्यांना मान्य नव्हतं. मुक्ती सदनात त्या मुली विणायला, शेती करायला, अक्षरं जुळवायला आणि छापायला शिकल्या. रमाबाई हिब्रू आणि ग्रीकमधून बायबल मराठीत आणत होत्या, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत, आणि ते त्यांच्याच छापखान्यात तिथल्याच बायका छापत होत्या. हे सगळं पुढे जिच्या हाती सोपवायचं ती एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली. रमाबाईंनी भाषांतर थांबवलं नाही. उरलेलं काम त्यांनी पुरं करत आणलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. ते बायबल १९२४ साली केडगावहून प्रसिद्ध झालं.